काकांनी वाटलेले देश

मंठ्याला कॉलेजात शिकवायची नोकरी लागली तेव्हा मी ज्यांच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली, त्या काकांनी पहिल्या दिवशी मला घराचे नियम सांगितले नाहीत. पाणी कधी येतं, गेट कधी बंद होतं, कपडे कुठे वाळत घालायचे, हे सगळं काकूंनी सांगितलं. काका दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "मॅडम, तुमाला मी आयुबोवान म्हनत जाईन. श्रीलंकेत नमस्काराला तसं म्हनतात. चालंल ना?"

मी चालेल म्हणाले. घरमालकाला नाही कसं म्हणणार? शिवाय तो शब्द लांबलचक आणि गोड होता.

दोन-चार दिवसांत कळलं की गल्लीत प्रत्येकाला असा एकेक देश मिळालेला आहे. दूधवाल्याला जपान. समोरच्या किराणा दुकानदाराला फ्रान्स. सिलिंडर घेऊन येणाऱ्याला रशिया, कारण तो उंच होता आणि हसत नसे. दूधवाला आता सरावला होता. काका "ओहायो" म्हणाले की तोही माप बुडवताना म्हणायचा, "ओहायो काका. म्हशीनं आज कमी दिलं बरं का." काकूंनी मात्र स्वतःपुरतं हे चालू दिलं नव्हतं. "मला आपली मराठीत हाक मारा," त्या म्हणत. "या वयात नवीन देश झेपायचा न्हाई मला."

काका एसटीत कंट्रोलर होते. म्हणजे स्टँडवर जाळीच्या खिडकीमागे बसून कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माइकवर सांगणारे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज नोकरीतच राहिला होता. जेवायला बोलवायचं तरी ते जिन्याखालून जाहीर करत : "इकडं लक्ष द्या, वरच्या खोलीतील प्रवाशांनी, पिठलं तयार हाये." पहिल्या पहिल्यांदा मला शेजाऱ्यांची लाज वाटायची. सगळ्या गल्लीला कळायचं की मी भाडेकरू असून मालकाकडे जेवते.

उभ्या नोकरीत त्यांनी लोकांना गाड्यांत बसवून लांब लांब पाठवलं, स्वतः मात्र हैदराबादच्या पलीकडे गेले नाहीत. त्यातून जगाचं हे वेड आलं असावं. रविवारी ते मोबाइलवर बघून एखाद्या देशाचं जेवण करत. इटलीच्या दिवशी जाड शेवया उकडून त्यांवर टोमॅटो घालत. काकू ताट पुढे ओढून त्यावर शेंगदाण्याची चटणी पेरत आणि म्हणत, "आता लागतंय जरा." पण हे वेड नुसतं हौशीचं नव्हतं. कुठे लांब भूकंप झाल्याची बातमी टीव्हीवर आली की काका त्या दिवशी जेवत नसत. काकू वैतागत. "तुमच्या उपासानं तिथली भिंत उभी राहनार हाये का?" काका म्हणत, "न्हाई राहनार. पन घास उतरत न्हाई, मी काय करू?" मी त्यांना असं उपाशी बसलेलं पाहिलं आहे. तेव्हा ते बातम्याही लावत नसत, ओट्यावर जाऊन रस्त्याकडे बघत राहत.

शनिवारी संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर अकरावी-बारावीतली पोरंपोरी जमायची. त्यालाच ते युवा मंडळ म्हणत. माझ्याच कॉलेजातले काही विद्यार्थी त्यात होते, म्हणून मलाही ते वर ओढत. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात विश्वमैत्रीचा मेळावा आला. वेगवेगळ्या देशांचे पोशाख, गाणी, खाणं, आणि शेवटी सगळ्यांनी एकत्र जेवायचं. "मंठ्यात जग आणायचं," काका म्हणाले. "आपल्याला तिकडं जाता येत न्हाई, तर त्याला इकडं बोलवू."

मंडळात सगळ्यात कामाची पोरगी होती कोमल. बारावीत होती. वडील मेंढ्या राखायचे, आता थोड्याच उरल्या होत्या, बाकी मजुरी. गावाबाहेरच्या वस्तीवरून ती सायकलीवर यायची, आणि काका तिला गेटातच "जांबो" म्हणत. मंगल कार्यालयाचा हॉल फुकट मिळवला तिने, खुर्च्या कुणाकडून आणायच्या ते ठरवलं तिने, आणि प्रत्येक देशाने स्टेजवर येताना आपल्या भाषेत स्वागताचा शब्द म्हणायचा, ही कल्पनाही तिचीच. तिला जपान हवा होता. मोबाइलवर बघून ती कागदाचे पक्षी करायला शिकली होती आणि सगळ्यांच्या वह्यांमध्ये ते ठेवून द्यायची. त्यामुळे जपान तिला हवा आहे हे गच्चीवर सगळ्यांना माहीत होतं.

काकांनी स्टीलच्या डब्यात देशांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. डबा फिरत फिरत कोमलकडे आला, तिने हात पुढे केला, तेवढ्यात काकांनी डबा मागे घेतला.

"तुला चिठ्ठी कशाला गं? तुझा आफ्रिका. रंगाचा खर्चा वाचला आपला."

सगळे हसले. कोमलही हसली. आणि हसता हसता तिने माझ्याकडे बघितलं.

मी काळी आहे. लहानपणापासून मला माहीत आहे की अशा वेळी काय करायचं असतं. आपण सगळ्यांच्या आधी हसायचं असतं, म्हणजे त्यांना वाटतं की लागलं नाही. घरी पाहुणे आले, शाळेत गॅदरिंग झालं, लग्नात फोटो काढताना कुणी म्हणालं "तू जरा उजेडात ये", की माझा चेहरा आपोआप तसा होतो. कोमलचा चेहरा तसाच झाला होता. मी म्हणाले, "काका, आफ्रिका हा देश नाही हो. तिथं पन्नासेक देश आहेत."

"असतील की. स्टेजवर जागा एकाचीच हाये."

पुन्हा हशा झाला. भूगोलाचा मुद्दा तिथेच संपला, आणि दुसरा कुठला मुद्दा मी काढला नव्हता.

काकांनी मग त्या नाचाची तालीम स्वतः घेतली. अशोकाच्या पानांचे घागरे, बांबूला चमकीचा कागद लावून भाले, तीन पोरांच्या तोंडाला काजळ आणि तेल. कोमल मधे. हे सगळं त्यांनी कुठून आणलं होतं कोण जाणे, कधीतरी पाहिलेल्या एखाद्या पिक्चरमधून असेल. पण त्यांच्या मनात खोट नव्हती. पोरांना जमत नाही म्हटल्यावर ते लेंगा वर खोचून स्वतः गच्चीवर "हुंबा हुंबा" करत नाचले. कठड्याला टेकून मी पाहत होते. शेजारच्या गच्चीवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मेळाव्याच्या आठवड्यात ते कामानिमित्त संभाजीनगरला गेले होते. परत आले ते जिन्याखालूनच ओरडत. "मॅडम, जल्दी खाली या. पाव्हनी मिळाली."

बसमध्ये त्यांच्या शेजारी एक मुलगी बसली होती. टांझानियाची. संभाजीनगरच्या एका कॉलेजात शिकणारी. नाव नीमा. काकांना वाटलं, हे तर आपल्यातलंच नाव. तिला मोडकं हिंदी येत होतं, काकांना त्याहून मोडकं. तेवढ्यात त्यांनी तिला मेळाव्याचं आमंत्रण देऊन टाकलं होतं.

"दोन वर्षं झाली तिला इथं येऊन," काका काकूंना सांगत होते, "आन कुनाच्या घरी जेवायला म्हनून गेली न्हाई ती. कुनी बोलावलंच न्हाई. काय लोक हाओत आपन?" त्यांचे डोळे भरून आले होते.

नीमा आली ती साधा पंजाबी ड्रेस घालून, केस बारीक वेण्यांत बांधून. स्टँडपासून घरापर्यंत पोरं तिच्या मागे मागे आली, दोघा-तिघांनी फोटो काढले. काकूंनी तिला ओवाळलं, पाट मांडला, ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. तिने हाताने भाकरी मोडून खाल्ली. सांगितलं की आमच्याकडेही मक्याचं असं काहीतरी असतं, हातानेच खातात. काकू खूश झाल्या. तिच्या पाठीवरून हात फिरवून मला म्हणाल्या, "सरळ हाये पोरगी. हिची आई हिकडं कशी धाडते गं हिला?" त्या एक-दीड तासात मला वाटलं, काकांचं खरंच जमलं. मंठ्यात जग आलं.

हॉल भरला होता. गावातले एक पुढारी अध्यक्ष म्हणून बसले होते, नीमा त्यांच्या शेजारी, पहिल्या रांगेत. जपान झाला, एका गोऱ्या पोरीने छत्री फिरवली. फ्रान्स झाला. मग दिवे कमी करून ढोल वाजला आणि चौघं पानांचे घागरे घालून उड्या मारत स्टेजवर आले. मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. मी विंगेत सूत्रसंचालनाचे कागद घेऊन उभी होते. तिथून मला नीमाचा चेहरा दिसत होता. ती रागावली नव्हती. आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो की माणूस जसं बघतो, तशी ती बघत होती.

नाच संपला. काकांच्या हातात माइक होता आणि चेहरा उजळलेला.

"आता आपन पाव्हन्यांनाच विचारू," ते म्हणाले. "बराबर झालं का न्हाई?"

नीमा स्टेजवर आली. तिने माइक घेतला. हळू, शब्द शोधत बोलली.

"मैं दार-ए-सलाम से हूं. बड़ा शहर है, समुंदर है. मेरे पापा बैंक में काम करते हैं. मम्मी स्कूल में पढ़ाती हैं. ये कपड़े मैंने कभी नहीं देखे."

लोकांना वाटलं तिने विनोद केला. टाळ्या पडल्या. ती टाळ्या थांबेपर्यंत थांबली. मग कोमलकडे वळली. कोमल भाला धरून तिथेच उभी होती, धाप लागलेली.

"तुमने ये क्यों लिया?"

"मैंने नहीं लिया," कोमल म्हणाली. "मुझे दिया."

"क्यों?"

माइक दोघींच्या मधे होता. कोमल म्हणाली, "मैं काली हूं ना."

मागे दोन-तीन पोरं हसली. मग तीही थांबली. पुढारी खुर्चीत हलले आणि काकांना हाताने खूण केली, पुढचा कार्यक्रम घ्या. ब्राझीलवाली पोरं विंगेत माझ्या पाठीशी येऊन उभी होती, त्यांचं गाणं लावायचं होतं. काका हलले नाहीत. नीमाने त्यांच्या हातात माइक परत दिला होता, तो खाली लोंबत होता. ते तसेच बोलायला लागले.

"वाटनी मी केली. बाकीच्यांना चिठ्ठी काढू दिली, हिला दिली न्हाई."

ज्या माणसाचा आवाज सगळ्या स्टँडवर जायचा, त्याचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचला नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, ऐकू येत न्हाई. माइकवर बोला."

काकांनी माइक तोंडाशी नेला. मला वाटलं आता ते काहीतरी सावरून घेतील, पाहुणीचे आभार मानतील, पुढचं गाणं सांगतील. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पहिल्या शब्दापासून. आणि पुढे म्हणाले, "हिचा रंग बघून मी हिला ते दिलं. वर हसलो. हिला जपान हवा व्हता." मग माइक टेबलावर ठेवला आणि स्टेजच्या कडेला पायरीवर बसले. बसले ते बसलेच.

कोमल मागच्या दाराने निघून गेली. नीमा तिच्यामागे गेली. त्या दोघी काय बोलल्या ते तेव्हा मला कळलं नाही. ब्राझील झालाच नाही. लोकांनी जेवण मात्र केलं.

संध्याकाळच्या गाडीला आम्ही नीमाला सोडायला गेलो. काका तिची बॅग धरून उभे होते. गाडी लागल्यावर तिनेच सांगितलं, "अंकल, आपने घर बुलाया, खाना खिलाया. वो मुझे याद रहेगा." मग म्हणाली, "नाच भी याद रहेगा." तिने ते टोचून म्हटलं नव्हतं. काकांनी हात जोडले. ती गाडीत चढली.

दुसऱ्या दिवशी काका मला म्हणाले, "मॅडम, माझ्यासंगं चला. एकट्यानं जायची हिंमत न्हाई माझी."

कोमलच्या वस्तीवर गेलो. तिच्या वडिलांनी घाईने बाज टाकली, वर गोधडी अंथरली. काकांनी बसायच्या आधीच हात जोडून सगळं सांगितलं. तो माणूस गडबडून गेला. "साहेब, त्यात काय एवढं? काळीच हाये ती. आमचं समदं खानदानच उन्हातलं. तुम्ही कामून मनाला लावून घेऊन राह्यले?"

काका बाजेवर खचून बसले. कोमल हौदावर बादली भरत होती. ती ओढणीला हात पुसत जवळ आली.

"काका, एक विचारू?"

"विचार की, बाई."

"तुम्ही मला पहिल्या दिसापासून जांबो म्हनता. मला आवडायचं ते. काल नीमाताईला विचारलं, तर ती म्हने तिकडलाच शब्द हाये. मंग डबा फिरायच्या लई आधीच तुम्ही मला तिकडं पाठवलं व्हतं का?"

काकांना तेव्हा खोटं बोलता आलं असतं. पोरीला बरं वाटलं असतं, मलाही वाटलं असतं.

"व्हय," ते म्हणाले. "तसंच झालं आसंल. तुला बघितलं आन तेच तोंडात आलं."

कोमल हौदाकडे निघाली. मग मान न वळवता म्हणाली, "आन मॅडमला श्रीलंका."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी बाजेखालच्या कोंबडीकडे बघत होते. कोंबडी दाणे टिपत होती आणि मला तिथून उठून कुठेतरी जायचं होतं, पण कुठे जाणार? कोमलच्या वडिलांनी विचारलं, "श्रीलंकेचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर काका म्हणाले, "मॅडम, चहा घेता का?" एवढंच. दूधवाला आपणहून "ओहायो" म्हणाला, तर त्याला "राम राम" मिळाला. त्याने मला हळूच विचारलं, "काका रागावले का माझ्यावर?"

कोमल गच्चीवर पुन्हा आली नाही. पुढे ती जालन्याला नर्सिंगला गेल्याचं कळलं. मंडळ काही दिवस चाललं, मग पोरं पांगली. काकांना नवीन खोड लागली. ते ही गोष्ट सगळ्यांना सांगायला लागले. किराणा दुकानात, स्टँडवर जुन्या सोबत्यांना, घरी आलेल्या जावयाला. न विचारता, मधूनच. काकू म्हणायच्या, "अहो, बास करा. गावात जी गोष्ट कुनाला आठवत न्हाई ती तुम्हीच वाटत फिरता." काका ऐकायचे नाहीत. मला मात्र त्यांनी श्रीलंकेबद्दल कधी काही म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ती एकच गोष्ट आमच्यात तशीच राहिली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मला बघायला जिंतूरकडचे लोक आले. मंठा त्यांना वाटेवर पडत होतं, म्हणून माझे वडील, आण्णा, तीर्थपुरीहून इकडेच आले आणि बघण्याचा कार्यक्रम काकांच्या बैठकीत ठरला. मुलगा बरा होता, गप्प होता. त्याची मामी बोलणारी होती. पोह्यांचे पहिले घास झाले आणि मामी म्हणाल्या, "शिक्षण हाये, नोकरी हाये, सगळं बराबर हाये. रंग तेवढा दबलेला हाये. पन आमचं म्हननं न्हाई काही, चालतंय."

आण्णांनी हसून मान डोलावली. मीही हसले, सगळ्यांच्या आधी.

काका कोपऱ्यात खुर्चीवर होते. त्यांनी घसा साफ केला आणि मला कळलं की आता ते काय करणार आहेत. मी काकूंकडे बघितलं. काकूंनी डोळ्यांनी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. पण काकांनी सुरुवात केली होती. डबा, चिठ्ठ्या, आफ्रिका, खर्चा वाचला म्हणून केलेला विनोद. पानांचा घागरा. माइकवर पोरगी काय म्हणाली ते. बाजेवर बसून आपण काय कबूल केलं ते. आण्णा खालची सतरंजी चाचपत होते. मुलाने ताटली खाली ठेवली होती. मला इतकी लाज वाटत होती की हातातला ट्रे कुठे ठेवावा ते सुचेना, आणि त्या लाजेत काका बोलायचे थांबू नयेत असंही वाटत होतं.

गोष्ट संपली. मामींनी सगळं लक्ष देऊन ऐकलं होतं.

"मंग ती पोरगी लईच काळी व्हती का?" त्यांनी विचारलं, आणि हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "ह्यांच्यापेक्षा?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्या घरात मी राहायला आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे इतका वेळ बघितलं असेल. मग ते मामींना म्हणाले, "सांगता यायचं न्हाई, बाई. मी नीट बघितलंच न्हाई कुनाला."

मामी जरा गोंधळल्या, मग पोह्यांवर लिंबू पिळू लागल्या. मी ट्रे खाली ठेवला, आण्णांच्या शेजारी सतरंजीवर बसले आणि पाहुण्यांसमोरच त्यांना म्हणाले, "आण्णा, मला हे नको."